ग्रुपवर टाकलंय म्हणजे पोचलं असं नसतं : दहावीच्या वर्गशिक्षकाने पालकांना निरोप कसा द्यायचा

मागच्या जूनमध्ये तालुक्यातल्याच एका नव्या शिक्षकाचा फोन आला, पहिल्यांदाच दहावीचा वर्ग गळ्यात पडला होता बिचाऱ्याच्या. म्हणाला मॅडम, ग्रुप काढलाय, सगळे पालक ॲड केलेत, अजून काय करू? म्हणलं आधी एक सांग, काल तू जी सूचना टाकलीस ती किती जणांनी उघडली? तर ते काही त्याला माहीत नव्हतं. बरं, ग्रुपमध्ये जे नंबर आहेत ते खरंच पालकांचे आहेत की पोरांनी स्वतःचेच दिलेत? तेही माहीत नव्हतं. मग त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे लिहून काढतेय, कारण दरवर्षी कोणी ना कोणी हेच विचारतं.

मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या एका हायस्कूलला आहे. वर्गात साठच्या आसपास पोरं, त्यातल्या जवळजवळ निम्म्यांचे आईबाप दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयत्यावर जातात, ते थेट मार्च-एप्रिलला परत येतात. म्हणजे दहावीचं सगळं महत्त्वाचं काम ज्या महिन्यांत होतं, फॉर्म, प्रीलिस्ट (म्हणजे फॉर्ममधली माहिती तपासायला बोर्डाकडून येणारी यादी), हॉलतिकीट, परीक्षा, तेव्हा पालक सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात. त्यामुळे माझ्या काही युक्त्या पुण्या-मुंबईच्या शाळांना लागू पडणार नाहीत, पण खरं सांगू का, तिथलेही आईबाप आठ वाजता घरी येतात आणि आठशे न वाचलेले मेसेज बघून फोन बाजूला ठेवतात, तेव्हा फरक वाटतो तेवढा नाहीये.

आधी वही, मग ग्रुप

जूनच्या पहिल्या आठवड्यात ग्रुप काढायची घाई करू नका. एक दोनशे पानी वही घ्या आणि एका पोराला एक पान द्या. अख्खं पान, अर्धं नाही, वर्षभरात भरतं ते. वरती नाव, गाव, वाडी-वस्ती. खाली आईचा नंबर, वडिलांचा नंबर आणि मग तिसरा प्रश्न, जो प्रवेश अर्जावर कधीच नसतो : रात्री घरात फोन कोणाजवळ असतो? खरा नंबर तोच. बऱ्याच घरांत वडिलांचा नंबर रजिस्टरला असतो आणि फोन मोठ्या भावाजवळ असतो, तो कुठेतरी कंपनीत पुण्याला. एका पोरीच्या घरी मी चार महिने मेसेज टाकत होते तो फोन चाकणला होता.

मग विचारायचं, व्हॉट्सॲप आहे का साधा फोन, आणि घरात मराठी वाचणारं कोण आहे. हा प्रश्न वर्गात उभं करून विचारू नका हो. पोरं लाजतात आणि खोटं सांगतात. मधल्या सुट्टीत एकेकाला बोलवा, गप्पांत विचारा, "आई वाचते का तू वाचून दाखवतोस?" एवढंच. ज्या घरात आई एकटी आहे किंवा पोरगं मामाकडे राहतं तिथे तर जास्तच सांभाळून. त्या पानावर मी फक्त "फोन मामाला" असं लिहिते, कारणं लिहीत नाही, वही कोणाच्याही हातात पडू शकते.

शेवटी प्रत्येक नंबरवर फोन लावून बघा. साठ फोन, तीन संध्याकाळी होतात. "मी अमक्याची वर्गशिक्षिका बोलतेय, हा माझा नंबर, सेव्ह करून ठेवा." हे सेव्ह करणं नुसतं चांगुलपणाचं नाही बरं का, कारण व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट वापरायची असेल तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो, बाकीच्यांना जातच नाही आणि आपल्याला वाटतं गेला. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, एका वर्गाला भरपूर झाले.

पहिल्या फोनवरच वाईट बातमी नाही द्यायची. एवढं पाळाच. नाहीतर पुढे वर्षभर तुमचा नंबर दिसला की तिकडे उचलतच नाहीत.

ग्रुप असा लावा

"फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात" हे सेटिंग पहिल्या दिवशी लावायचं, दुसऱ्या नाही. एकदा का लोकांना गुड मॉर्निंगची, वाढदिवसाच्या केकची, आणि निवडणुकीच्या दिवसांत जे काय येतं त्याची सवय लागली की नंतर बंद केलं तर रुसवेफुगवे होतात, मॅडमला राग आला म्हणतात. आणि खरा त्रास फॉरवर्डचा नसतोच, खरा त्रास "ओके मॅडम" चा असतो. तुम्ही एक सूचना टाकली की खाली पन्नास नमस्कार येतात, सूचना वर निघून जाते आणि रात्री जो बाप फोन उघडतो त्याला नुसते जोडलेले हात दिसतात. कशाला जोडले कोणास ठाऊक.

ॲडमिन दोघं ठेवा, तुम्ही आणि अजून एक शिक्षक. मुख्याध्यापकांना ॲडमिन करायचं का हा ज्याच्या त्याच्या शाळेचा प्रश्न, मी करत नाही, कारण मग जिल्ह्याहून आलेला प्रत्येक कागद जसाच्या तसा ग्रुपवर येतो. आमच्या सरांना हे मी तोंडावर सांगितलंय, ते हसले.

पालकांचे नंबर एकमेकांना दिसतात हे लक्षात ठेवा. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, आणि त्यात मुलींच्या आयांचे नंबर असतात. मागे एका आईला कोणीतरी अवेळी मेसेज करायला लागलं, तेव्हापासून मी व्हॉट्सॲपवरच कम्युनिटी काढून तिच्या घोषणावाल्या ग्रुपमध्येच सगळ्यांना घेते, तिथे मेंबरना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. पाच मिनिटांचं काम आहे, वर्गातल्या कुठल्याही पोराला सांगितलं तरी करून देईल.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. टाकलेल्या मेसेजवर बोट दाबून धरा आणि माहिती बघा, कोणी वाचला आणि कोणाला नुसता पोचला याच्या दोन वेगळ्या याद्या दिसतात. कोणी निळी टिक बंद करून ठेवली असली तरी ग्रुपमध्ये ती लपत नाही. मी रात्री मेसेज टाकते, दुसऱ्या दिवशी दुपारी यादी बघते आणि ज्यांनी वाचला नाही त्यांच्या पानावर वहीत टिंब देते. सलग तीन टिंबं झाली की त्या घराला ग्रुप चालत नाही असं समजायचं आणि फोनवर यायचं. दरवर्षी अशी बारा-पंधरा घरं निघतातच.

आणि हो, निळी टिक म्हणजे आईबापाने वाचलं असंही नाही. दहावीचं पोरगं आहे ते, त्याला बापाच्या फोनचं लॉक बापाआधी उघडता येतं. "उद्या चाचणीचे पेपर पालकांच्या सहीने परत आणावेत" हा मेसेज एका पठ्ठ्याने वाचून डिलीट करून टाकला होता आणि सही इतकी सुंदर केली होती की बापालासुद्धा जमली नसती. म्हणून मार्कांचं, गैरहजेरीचं, सहीचं जे काही असेल ते ग्रुपवर नाही, थेट फोन.

मेसेज लिहिताना

आपण शिक्षक लोक कागदावर आलो की एकदम मंत्रालयात जाऊन बसतो. हा माझाच जुना मेसेज बघा, जसाच्या तसा :

"सर्व पालकांना कळविण्यात येते की, मा. मुख्याध्यापक यांच्या सूचनेनुसार इयत्ता १० वी मधील विद्यार्थ्यांची परीक्षा आवेदनपत्रे भरण्याची प्रक्रिया सुरू झाली असून आवश्यक त्या कागदपत्रांची पूर्तता विहित मुदतीत करण्यात यावी."

यावर एका आजोबांचा फोन आला, "बाई, म्हंजी काय करायचं?" बरोबर विचारलं त्यांनी. कोणता कागद, कधीपर्यंत, कोणाजवळ, काहीच नाही त्यात. आता मी असं लिहिते :

"१० वी ब. बोर्डाचा फॉर्म.
शुक्रवारी ४ तारखेला दुपारी १ च्या आत मुलाजवळ / मुलीजवळ द्या : आधारची झेरॉक्स, २ फोटो, परीक्षा फी.
फोटोच्या मागे नाव लिहा.
शुक्रवारी जमणार नसेल तर गुरुवारपर्यंत मला फोन करा, मार्ग काढू."

वर्ग आणि विषय पहिल्या ओळीत, कारण एका घरात तीन पोरं तीन वर्गांत असतात आणि तिन्ही ग्रुप एकाच फोनवर. वार आणि तारीख दोन्ही लिहा. नुसतं "उद्या" कधीच लिहू नका, मेसेज दोन दिवसांनी वाचला की उद्या कुठला कुठे जातो. आणि शेवटची ओळ, जमणार नसेल तर काय, ती सगळ्यात महत्त्वाची. पैसे नसले की माणूस गप्प बसतो, फोन उचलत नाही, पोराला दोन दिवस घरी ठेवतो. "मार्ग काढू" हे दोन शब्द लिहिले की फोन येतो.

एका मेसेजात एकच काम. तीन सूचना एकत्र टाकल्या की पहिली वाचतात, बाकीच्या राहतात. शासनाचा जीआर किंवा बोर्डाचं स्कॅन केलेलं परिपत्रक तर टाकूच नका, बारा पानं, वाकडी फोटोकॉपी, फोनच्या एवढ्याशा स्क्रीनवर कोण वाचणार? त्यातलं आपल्या वर्गाला लागू पडणारं काय ते तीन ओळीत सांगा, मूळ कागद ऑफिसबाहेरच्या फलकावर लावा, ज्याला बघायचाय तो बघेल.

महत्त्वाचा मेसेज पिन करून ठेवता येतो, २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस. फॉर्मची तारीख पिन, चाचणीचं वेळापत्रक पिन, झालं की काढून टाका. एकावर एक पिन करून भिंत भरवायची नाही.

ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना एसएमएस. पण मराठीत एसएमएस लिहिला की ७० अक्षरांतच एक मेसेज संपतो, इंग्रजीत १६० मिळतात, म्हणजे मराठीत दोन-तीन मेसेजचे पैसे कापले जातात आणि काही जुन्या फोनवर नुसते चौकोन दिसतात. शाळेच्या नावाने एकदम सगळ्यांना पाठवायचे म्हणलं तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाने डीएलटी नावाच्या ऑनलाइन नोंदणीवर नाव आणि मजकुराचा नमुना आधी नोंदवावा लागतो, ते ऑफिसच्या क्लार्कच्या मागे लागून जूनमध्येच करून घ्या, ऐनवेळी होत नाही. मला विचाराल तर पंधरा साध्या फोनांसाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा पंधरा फोन करावेत.

फडावरच्या आईबापांसाठी

इथे मेसेज लिहिण्यात अर्थ नाही, आवाज पाठवा. व्हॉइस नोट, पाऊण मिनिटाच्या आत, आपल्या गावच्या बोलीत. सुरुवातीलाच तारीख आणि वर्ग बोलायचा, कारण ती नोट मुकादमाच्या, म्हणजे ऊसतोड टोळी नेणाऱ्याच्या, फोनवरून चार कोप्यांत (फडावरच्या झोपड्यांत) फिरते आणि तिसऱ्या दिवशी ऐकणाऱ्याला कळत नाही कधीची आहे. "आज मंगळवार, आठ डिसेंबर, दहावी बच्या वर्गाचं सांगतेय", मग निरोप, मग शेवटी पुन्हा एकदा तारीख. हे दोनदा सांगणं कंटाळवाणं वाटतं, वाटू द्या.

मुकादमाचा नंबर वहीत हवाच. टोळी निघायच्या आधी तो मिळवा, गेल्यावर कोणी देत नाही. मी काय करते, नवरात्राच्या दिवसांत ज्या घरांतून जाणार आहेत त्यांची यादी करते आणि टोळी निघण्याआधी पोराच्या आईला शाळेत नाहीतर घरी गाठते. त्या एका भेटीत सगळं उरकून घ्यायचं : फोटो, फॉर्मवर लागतील त्या सह्या, आधारची प्रत, आणि मागे घरी कोण राहणार, आजी की चुलती, तिचं नाव आणि फोन. पोराचं वय १५ झालं असेल तर आधारचं बायोमेट्रिक अपडेट करायला तेव्हाच पाठवा, नंतर सोबत जायला मोठं माणूस नसतं.

फोन करायचा तर रात्री आठच्या सुमारास. पहाटे तीन-चारला उठून फडात गेलेली माणसं असतात, दिवसा फोन कोपीत नाहीतर मुकादमाजवळ, आणि रात्री दहाच्या पुढे गाडी भरायला बोलावणं येऊ शकतं. आठला चूल पेटलेली असते, बाई भाकऱ्या थापत असते, तिच्याशी पाच मिनिटं नीट बोलता येतं. मागून ट्रॅक्टरचा आवाज, लहान पोराचं रडणं, आणि ती पहिलं विचारते, "जेवतंय का वं नीट?" प्रीलिस्टचं नंतर. आधी त्याचं उत्तर द्यायचं. डबा आणतो का, बारीक झालाय का, थंडीत स्वेटर घालतो का, हे मला माहीत असावं लागतं म्हणून मी फोन करायच्या दिवशी त्या पोराकडे दुपारी जरा बघून ठेवते. हे पालकांना माहिती देण्यातच मोडतं, कुठल्याही परिपत्रकात लिहिलेलं नसलं तरी.

दहावीचे तीन निरोप जे चुकले की महागात जातात

पहिला प्रीलिस्टचा. बोर्डाला फॉर्म गेले की शाळेला प्रीलिस्ट मिळते, त्यात पोराचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, विषय, सगळं जसं मार्कमेमोवर छापून येणार तसं असतं. पोराची सही घेतात त्यावर. आता पंधरा वर्षांचं पोर घाईत सही करतं, त्याला काय, ते खेळायला निघालेलं असतं. म्हणून मी प्रत्येकाच्या ओळीचा फोटो काढते, फक्त त्याच्या एकट्याच्या ओळीचा, आणि तो त्याच्या घरी पाठवून म्हणते आधारवर आहे तसंच आहे का ते अक्षर न अक्षर जुळवून बघा, मला उलट फोन करा. गेल्या खेपेला नऊ चुका निघाल्या, दोन ठिकाणी आईचं नाव माहेरचं पडलं होतं, एका ठिकाणी आडनावाच्या स्पेलिंगात डब्ल्यूच्या जागी व्ही. तेव्हा दुरुस्ती शाळेतच होते. मार्कमेमो छापून आल्यावर आमच्याकडून छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळापर्यंत फाइल न्यावी लागते, शंभर-सव्वाशे किलोमीटर, एक दिवसाची मजुरी बुडवून, आणि एका चकरेत होतंच असं नाही.

दुसरा चित्रकलेच्या वाढीव गुणांचा, आणि इथे माझीच चूक सांगते. इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत ए ग्रेड असली की दहावीला ७ गुण वाढीव मिळतात, बी ला ५, सी ला ३. पण आपोआप नाही, पोराने सर्टिफिकेट शाळेत द्यायचं आणि शाळेने मुदतीत प्रस्ताव बोर्डाला पाठवायचा. काही वर्षांपूर्वी मी हा निरोप ग्रुपवर टाकला, तेव्हा ग्रुप सगळ्यांसाठी उघडा होता आणि नेमकी त्याच दिवशी कोणाच्या तरी घरच्या लग्नपत्रिकेची अभिनंदनं चालली होती. एका मुलीची ए ग्रेड होती. तिच्या घरी मेसेज दिसलाच नाही, मीही वाचणाऱ्यांची यादी बघितली नाही, मुदत गेली. निकालात तिला ८९.२० टक्के पडले. तुम्हीच हिशोब करा, ५०० पैकी ७ गुण म्हणजे किती. ती मुलगी काही बोलली नाही, वडील पण नाही, पेढे घेऊन आले होते. त्या दिवसापासून ग्रुपवर बाकीच्यांचं लिहिणं बंद आणि वही सुरू. खेळाडूंच्या आणि लोककलेच्या वाढीव गुणांचं पण असंच असतं, कागद आपण मागितला तरच येतो.

तिसरा हॉलतिकिटाचा. ते ऑनलाइन येतं, शाळा प्रिंट काढून सही-शिक्का मारून देते, आणि त्या प्रिंटचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत असं बोर्ड दरवर्षी सांगतं, हे पालकांनाही सांगून टाका म्हणजे कोणी मागणार नाही. मिळाल्या दिवशी घरी फोटो काढून ठेवायला सांगा. हरवलं तर घाबरायचं नाही, शाळेतून पुन्हा प्रिंट मिळते, त्यावर लाल शाईने द्वितीय प्रत असा शेरा मारून. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पेपरच्या सकाळी आजी रडत शाळेत येते. सोबत एवढं लिहा : अकराचा पेपर असला तरी साडेदहाला केंद्रावर हजर, आणि शेवटी १० मिनिटं जादा मिळतात म्हणून घरी न्यायला येणाऱ्याने २ वाजून १० मिनिटांच्या आधी गेटवर हॉर्न वाजवत बसू नये.

तुमच्याच शाळेत आठवीचा वर्गही असेल, म्हणून जाता जाता एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचं. यात पास झालेल्या पोराला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलं तर. घरच्यांना वाटतं एकदा पास झालं की पैसे येत राहणार. तसं नाही, दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं आणि बँक खातं आधारला जोडलेलं असावं लागतं. हा निरोप एकदा देऊन भागत नाही, चार वर्षं द्यावा लागतो, आणि त्यातली दोन वर्षं पोर आपल्या शाळेत नसतंही.

सुट्टीच्या अफवा

पावसाळ्यात रात्री अकरा वाजता जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र फिरायला लागतं, उद्या शाळांना सुट्टी. अर्ध्या वेळा ते मागच्या वर्षीचं असतं, तारीख कापलेली. अतिवृष्टीची सुट्टी जिल्हाधिकारी जाहीर करतात हे खरं, पण पालकांना जूनमध्येच सांगून ठेवा की ग्रुपवर माझ्याकडून आलं तरच खरं. आणि मग तुमच्यावर जबाबदारी येते की खरी सुट्टी असेल तर लगेच टाकायचं, कारण वस्तीवरची पोरं पहिल्या एसटीने सहालाच निघतात. बोर्डाच्या वेळापत्रकाचंही तेच, बोर्ड स्वतःच सांगतं की शाळेला छापील आलेलं तेवढंच धरा, व्हायरल फिरणारं नाही. आपण छापील कागदाचा फोटो काढून टाकायचा आणि पोरांकडून वहीत लिहूनही घ्यायचं.

वही म्हणलं तर आठवलं, आपल्या जुन्या सूचना वहीला हसू नका. शिपाई मामा वर्गावर वही घेऊन येतात, आपण वाचतो, सही करतो, आणि पोरं ऐकत नसतात. मी फक्त एवढंच बदललंय की वाचून झाल्यावर दोन पोरांना उठवून विचारते, काय सांगितलं? त्यांना सांगता आलं तर ते घरी पोचायची थोडी तरी आशा.

पालकसभा

शनिवारी दुपारी पालकसभा ठेवली की आमच्याकडे सात माणसं येतात, त्यातली तीन पालक-शिक्षक संघाची. मग आम्ही ती आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवायला लागलो, दुपारी दोनला, बाजार आटपून एसटी लागायच्या आधी. पन्नासच्या पुढे माणसं येतात, पिशव्या घेऊन, कोथिंबिरीचा वास असतो सगळ्या वर्गात. शहरात हाच विचार वेगळा करा, रविवारी सकाळी नऊ, किंवा संध्याकाळी साडेसात. शाळेची सोय बघितली की खुर्च्या रिकाम्या राहतात.

भाषणं नकोत. पाहुणे, हार, दीपप्रज्वलन यात चाळीस मिनिटं जातात आणि लोकांच्या गाडीची वेळ होते. पंधरा मिनिटं सगळ्यांना मिळून वर्षाचं वेळापत्रक सांगायचं, फॉर्म कधी, सहामाही कधी, सराव परीक्षा कधी, प्रॅक्टिकल कधी, एका कागदावर मोठ्या अक्षरात छापून हातात द्यायचं, घरात कॅलेंडरशेजारी लावा म्हणायचं. बाकी वेळ टेबलाशी एकेकाला. प्रगतीपत्रक त्यांच्यासमोर, पोराच्या मार्कांवर बोट ठेवून, ८० पैकी लेखी आणि २० अंतर्गत म्हणजे काय, पास व्हायला ३५ लागतात पण हा कुठे अडकतोय, ते. चहा मात्र ठेवा, चहाला थांबलेला बाप जे बोलतो ते टेबलाशी बोलत नाही.

ग्रुपवर कधीच नाही

मार्कांची यादी. फी बाकी असलेल्यांची नावं. कोणाच्या जातीच्या दाखल्याचं, बँकेच्या पासबुकाचं पान. पोरींचे स्नेहसंमेलनातले फोटो घरी विचारल्याशिवाय. "काही विद्यार्थी शिस्त पाळत नाहीत" असलं मोघम सुद्धा नाही, कारण मग साठ घरांत साठ पोरांना मार बसतो. आणि गैरहजर पोराचा फोन दुसऱ्या तासाच्या आत जायला हवा, संध्याकाळी करून उपयोग नाही. पोर घरून निघालंय आणि शाळेत आलं नाही हे घरच्यांना दहा-अकरा वाजता कळलं तर ते शोधू शकतात. बोलायचं एवढंच, "आज दिसला नाही, तब्येत बरी आहे ना?"

तुमच्या स्वतःच्या वेळेचं पण बघा. मी जूनमध्येच सांगते, रात्री नऊनंतर फोन घेत नाही, अडचण असेल तर मेसेज टाका सकाळी सातला बोलते. दाखला, बोनाफाईड, एसटी पास यासाठी ऑफिसचा नंबर, माझा नाही. पहिले दोन महिने कोणी पाळत नाही, मग पाळतात.

निकाल लागला की बरेच जण ग्रुपचं विसरून जातात, पण तेव्हाच पालकांना सगळ्यात जास्त गरज असते. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत, आमच्यासारख्या गावांतसुद्धा, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांत संधी जाते, हे कितीतरी घरांना माहीत नसतं, पोरं उगाच नावाजलेलं लांबचं कॉलेज एक नंबरला टाकून ठेवतात आणि मग एसटीच जात नाही तिकडे. नापास झालेल्यांना पुरवणी परीक्षेच्या फॉर्मची तारीख वेगळा फोन करून, निकालानंतर दोन दिवसांच्या आत, ते स्वतःहून शाळेत येत नाहीत. मार्कमेमो आणि दाखला सगळ्यांनी नेला की मी ग्रुपवर शेवटचा मेसेज टाकते, कोणाचं काही राहिलंय का, आठ दिवस वाट बघते आणि ग्रुप बंद करते. वही मात्र फेकत नाही, धाकटं भावंड दोन वर्षांनी वर्गात येतंच, तेव्हा मुकादमाचा नंबर तोच असतो.